तंबूंचा किनारा : मॉर्निंग्टन द्वीपकल्पाची दोनशे वर्षे

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या दक्षिणेस पोर्ट फिलिप हा विस्तीर्ण उपसागर आहे. त्याच्या काठी रोजबड, राय आणि सोरेंटो ही गावे वसली आहेत. रस्ता आणि पाणी यांच्यामधली चिंचोळी पट्टी दर उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर-जानेवारीत, तंबूंनी आणि कॅरव्हानांनी भरून जाते. कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी उतरतात. जमीन मात्र त्यांच्यापैकी कोणाचीही नाही. ती सार्वजनिक वापरासाठी राखलेली सरकारी जमीन आहे.

या किनाऱ्यावरचा युरोपीयांचा पहिला तंबूतळ काही सहलीचा नव्हता. फ्रेंचांच्या हालचालींचा संशय आल्याने ब्रिटिशांनी ऑक्टोबर १८०३ मध्ये डेव्हिड कॉलिन्स यांच्या हाताखाली कैदी, सैनिक आणि काही कुटुंबे सोरेंटोजवळ उतरवली. गोड्या पाण्यासाठी त्यांना वाळूत पिंपे पुरावी लागली. काही महिन्यांतच कंटाळून हा तळ उठला आणि मंडळी आजच्या टास्मानियात गेली. विल्यम बकली हा पळालेला कैदी तेवढा मागे राहिला. तो तब्बल ३२ वर्षे जगला, तो इथल्या मूळ रहिवाशांच्या आश्रयाने.

म्हणजे कॉलिन्स यांना जी भूमी राहण्यास नालायक वाटली, ती निर्जन नव्हती. बूनवुरंग लोक तिथे हजारो वर्षे नांदत होते. त्यांच्या जेवणातून उरलेल्या शिंपल्यांचे थर आजही वाळूच्या टेकड्यांत सापडतात. या किनाऱ्यावरचा सर्वांत जुना मुक्काम तोच.

पुढे १८३५ मध्ये मेलबर्नची वसाहत सुरू झाली आणि शहराच्या भिंतींना चुना हवा झाला. द्वीपकल्पाच्या टोकाकडे चुनखडक विपुल होता. भट्ट्या पेटल्या, लहान गलबते चुना भरून शहराकडे जाऊ लागली. भट्टीला लागते जळण; ते पुरवले शी-ओक या झाडाने. हा वृक्ष आपल्या सुरूच्या कुळातला. (कारवारच्या किनाऱ्यावर १८६८ मध्ये सुरूची लागवड सुरू झाली तीही जळणासाठीच. इकडे वाळूत बने उभी राहत होती, तिकडे त्यांच्या भाऊबंदांवर कुऱ्हाड चालून गेलेली होती.) शी-ओक तुटल्यावर मोकळ्या जागेत टी-ट्री हे झुडूप फोफावले. आज सुट्टीसाठी येणारा ज्या वाकड्यातिकड्या टी-ट्रीच्या सावलीला या किनाऱ्याची सनातन ओळख समजतो, ती सावली बऱ्याच अंशी चुन्याच्या भट्ट्यांची देणगी आहे. इतिहासात असे विनोद पुष्कळ असतात.

रोजबड हे नाव १८५५ मध्ये तिथे फुटलेल्या एका जहाजाचे. गाव मासेमारांचे होते. सुट्टी घालवायला लोक आले ते प्रथम सोरेंटोला, आणि तेही पैसेवाले. नट-उद्योजक जॉर्ज कॉपिन यांनी त्या गावाला आरोग्यस्थान म्हणून पुढे आणले. उपसागरातील आगबोटी प्रवासी आणून सोडत, आणि १८८९ पासून धक्क्यावरून वाफेची ट्राम धावे.

सामान्य कामगाराच्या हाती समुद्र आला तो फार उशिरा. त्याला अडवत होता तो वेळ. भरपगारी वार्षिक रजा दोन आठवड्यांची झाली १९४५ मध्ये. आठवड्याला ४० तास कामाचा नियम १ जानेवारी १९४८ पासून देशभर लागू झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात होल्डन ही पहिली स्वदेशी बनावटीची लोकप्रिय मोटार बाजारात आली. रजा, मोटार आणि तंबू ही तिन्ही जमल्यावर हॉटेलाचे भाडे न परवडणारे कुटुंबही पाण्यापासून पन्नास पावलांवर राहू लागले.

हे शक्य झाले, कारण ती पट्टी विकली गेली नव्हती. व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्याचा सुमारे ९६ टक्के भाग आजही सार्वजनिक मालकीचा आहे. तरीही ‘सार्वजनिक’ या शब्दाने भांडण मिटत नाही. दरवर्षी तीच जागा त्याच कुटुंबाला मिळाली, तर ती सर्वांची कशी, असा आक्षेप एका बाजूचा. कमी पैशांत समुद्रकाठी राहण्याची ही शेवटची सोय श्रीमंतांच्या दृष्टिसुखासाठी मोडू नये, ही दुसरी बाजू. दुसरीचे म्हणणे अधिक वजनदार आहे, पण पहिलीला उत्तर देणे तिला टळत नाही. आणि बूनवुरंगांचा हक्क या दोघांच्याही आधीचा.

एप्रिल संपता संपता हंगाम सरतो. तंबू उतरतात आणि टी-ट्रीखालची वाळू हिवाळ्यापुरती मोकळी होते.