औषधाच्या पाकिटावरचा चौकोन : बारकोड ते क्यूआर कोड

भाजीवाल्याला पैसे देताना आपण सहज क्यूआर कोड स्कॅन करतो. तसाच काळा-पांढरा चौकोन आता अनेक औषधांच्या पाकिटांवरही असतो. त्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. हा चौकोन आला कुठून आणि रुग्णाला त्याचा उपयोग काय?

अमेरिकेत नॉर्मन वूडलँड या तरुणाने मियामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटांनी रेघा ओढल्या. मोर्स लिपीतील टिंबे आणि रेघा लांबवल्या तर बारीक-जाड पट्ट्या तयार होतात, हे त्याला सुचले. बर्नार्ड सिल्व्हर या मित्रासोबत त्याला १९५२ मध्ये पेटंट मिळाले. पण लेसर आणि छोटे संगणक आल्यावरच त्याचा खरा उपयोग सुरू झाला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील एका दुकानात च्युइंगगमचे पाकीट स्कॅन झाले.

पट्ट्यांमध्ये माहिती थोडीच मावते. म्हणून जपानमध्ये मासाहिरो हारा यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांसाठी क्यूआर कोड तयार केला. यात माहिती आडवी-उभी भरलेली असते. त्यामुळे ती जास्त मावते आणि थोडा भाग मळला तरी कोड वाचता येतो.

रुग्णालयातील वापरामागे एक परिचारिका आहे. अमेरिकेतील टोपेका येथील स्यू किनिक यांनी भाड्याची गाडी परत करताना कर्मचाऱ्याला कोड स्कॅन करताना पाहिले. हीच पद्धत औषधे देताना वापरता येईल, असे त्यांना वाटले. रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा आणि औषध, दोन्ही स्कॅन करायचे. जुळले नाही तर संगणक सावध करतो. चुकीच्या रुग्णाला चुकीचे औषध जाण्याचा धोका यामुळे कमी होतो.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असते.

औषध घेतल्यावर हे करा :
• कोड स्कॅन करून बॅच क्रमांक आणि तारीख पाकिटावरील छापील मजकुराशी ताडून पाहा.
• बिल जपून ठेवा.
• फरक दिसला तर ते औषध घेऊ नका. लगेच औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना दाखवा.

लक्षात ठेवा, कोडचीही नक्कल होऊ शकते. आणि औषध अस्सल असले तरी ते तुमच्यासाठी योग्य आहे का, हे कोड सांगत नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.