तळटीप १४ : सेफ मोड

१४. सेफ मोड : विंडोज ९५ (ऑगस्ट १९९५) या प्रणालीतली, संगणक नीट सुरू होत नसेल तेव्हाची पर्यायी सुरुवात. ‘स्टार्टिंग विंडोज ९५’ ही ओळ पडद्यावर दिसताच एफ-८ ही कळ दाबली की एक यादी येई. तीतून हा पर्याय निवडायचा. मग कीबोर्ड, माउस आणि १६ रंगांचे, ६४० बाय ४८० बिंदूंचे साधे चित्र एवढ्यापुरतेच सॉफ्टवेअर चढे. नेटवर्क, सीडी, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम सगळे बाजूला राहत. मजकुरातली ‘चार कोपऱ्यांतली अक्षरे’ ती हीच : या अवस्थेत पडद्याच्या चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ असे उमटलेले असे. एवढ्याने बिघाड दुरुस्त होत नाही, हे वाचकाने जरूर ध्यानात घ्यावे. संगणक असा सुरू झाला, तर दोष बहुधा वगळलेल्यांपैकी कशात तरी आहे, इतकेच कळते. म्हणूनच पुढच्या परिच्छेदात नव्या डिस्प्ले कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकला आहे. याआधी डॉस ६.० मध्येही (१९९३) एफ-८ दाबून ‘कॉन्फिग.सिस’मधली एकेक ओळ हो-नाही करत चालवता येई. विंडोज ८ पासून (२०१२) ही कळ सहसा चालत नाही. शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे लागते.