निळी मुलं आणि मदतीची संध्याकाळ

मागचे काही भाग आपण लढाया आणि तह यांच्यात अडकलो होतो. आज जरा आडवाटेला जाऊ. आजचा विषय मला कुठल्या दप्तरात नाही, एका जेवणाच्या टेबलावर मिळाला.

मी बंगळुरूत राहतो, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांनी मला एका कार्यक्रमाला नेलं. हॉटेलातला मोठा हॉल, गोल टेबलं आणि प्रत्येक टेबलावर फुलांच्या शेजारी एक छापील फॉर्म. आफ्रिकेतल्या काही देशांतली लहान मुलं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या शहरात आणायची होती, त्यासाठी निधी जमवायचा होता. आधी गाणी, मग एक छोटी फिल्म, मग लिलाव आणि शेवटी जेवण. लिलावात सह्या केलेली एक क्रिकेटची बॅट होती. तिच्यावर दोघं जण इतके इरेला पेटले की मुलांचा विषय पाच मिनिटं सगळेच विसरले.

फिल्ममध्ये चारेक वर्षांची एक मुलगी होती. अंगणात दहा पावलं चालायची आणि उकिडवी बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा बसायची. आम्हा सगळ्यांना वाटलं, दमली. माझ्या शेजारी लहान मुलांच्या हृदयाच्या एक डॉक्टर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ती दमून बसत नाहीये. असं बसलं की तिच्या फुप्फुसांकडे रक्त जास्त जातं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिचं तिला कळलंय."

मग त्यांनी मला विचारलं, "यादीत अठरा मुलं आहेत. फिल्ममध्ये हीच का, सांगा बरं?"

मी म्हटलं, गोड आहे म्हणून.

"तेही आहेच. पण हिचं एका ऑपरेशनमध्ये भागतं. ज्यांना तीन ऑपरेशनं लागतील, त्यांना आम्ही यादीतच घेत नाही."

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे मागे मागे जात राहिलो. असा पैसा पहिल्यांदा कुणी, कसा जमवला? आणि त्यानं नेमकं काय विकत घेतलं?

करमणुकीच्या संध्याकाळी परोपकाराची थैली फिरवण्याची रीत जुनी आहे. 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिन शहरात हँडेलच्या 'मसीहा' या संगीतरचनेचा पहिला प्रयोग झाला, तोच मुळी मदतीचा प्रयोग होता. गर्दी इतकी अपेक्षित होती की बायकांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी आधी विनंती करण्यात आली. जमलेल्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेले 142 लोक सुटले. आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला सांगायला नकोच. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले, संयुक्त 'मानापमान' झालं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. लोक फंडासाठी आले की भामिनी-धैर्यधरासाठी, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही. मीही विचारत नाही. माणसं कशासाठी का येईनात, पैसा पोहोचला म्हणजे झालं, असं माझं बरीच वर्षं मत होतं.

पण हृदयासाठी पैसा जमवायचा, तर आधी हृदयावर शस्त्रक्रिया करता यायला हवी. जन्मतःच हृदयात दोष असलेली, ओठ-नखं निळी पडणारी मुलं पूर्वीही होती. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. 29 नोव्हेंबर 1944 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात आयलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या, अगदी हडकुळ्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली. अशा मुलांच्या फुप्फुसांकडे रक्त वळवता येईल, ही कल्पना हेलन टॉसिग या बालरोगतज्ज्ञ बाईंची. हात सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे. आणि त्या हातांच्या मागे, स्टुलावर उभा राहून टाका कसा घ्यायचा ते सांगणारा एक कृष्णवर्णीय माणूस, व्हिव्हियन थॉमस. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यानंच बसवली होती. त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला, त्यावर नावं दोनच, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमसला हॉपकिन्सनं मानद डॉक्टरेट दिली ती 1976 साली. आयलीन त्या शस्त्रक्रियेतून वाचली, पण काही महिन्यांनी गेली. पुढच्या मुलांच्या बाबतीत मात्र टेबलावरच निळे ओठ गुलाबी झालेले लोकांनी पाहिले.

ही बातमी पसरली आणि जगभरचे आईबाप बाल्टिमोरकडे निघाले. इथून आपल्या गोष्टीची खरी सुरुवात होते. विद्या एका शहरात, आजारी मुलं सगळ्या जगात. मधलं अंतर कापायला पैसा लागतो, आणि पैसा गोळा करायला मुलाचा फोटो लागतो.

1975 साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या मॅनहॅसेट गावच्या रोटरी क्लबनं युगांडातली पाच वर्षांची एक मुलगी अमेरिकेत आणली. तेव्हा युगांडात इदी अमीनची राजवट होती. तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया जवळच्या रोझलिनच्या सेंट फ्रान्सिस हॉस्पिटलात झाली. एका गावच्या क्लबनं एका मुलीपुरतं घेतलेलं काम पुढे 'गिफ्ट ऑफ लाइफ' या नावानं अनेक देशांत पसरलं.

आमच्या बंगळुरूनं हे उलट्या बाजूनं पाहिलं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर दिल्ली-लाहोर बस बंद झाली होती. 11 जुलै 2003 ला ती पुन्हा सुरू झाली. लाहोरहून निघालेल्या त्या पहिल्या बसमध्ये अडीच वर्षांची एक मुलगी होती, हृदयात छिद्रं असलेली, बंगळुरूच्या नारायण हृदयालयात निघालेली. तिचं नाव तेव्हा घराघरांत गेलं होतं. मी मुद्दाम घेत नाही, कारण ती आता मोठी बाई झाली असेल आणि आपल्या छातीच्या टाक्यांची गोष्ट कुणाला सांगायची, हे तिनं ठरवावं. पण ते दिवस आठवतात. तीन वर्षांपूर्वी नव्हे, चारच वर्षांपूर्वी कारगिल झालं होतं, आणि इकडे रिक्षावाला मला विचारत होता, "त्या पोरीचं ऑपरेशन झालं का हो?" लोकांनी शुभेच्छा पाठवल्या, खेळणी पाठवली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. दोन देशांच्या मुत्सद्द्यांना जे जमत नव्हतं ते एका मुलीच्या चेहऱ्यानं काही दिवस तरी केलं. चेहऱ्याची ही ताकद मी नाकारत नाही.

पण टेबलावरच्या त्या डॉक्टरबाई जे म्हणत होत्या, ते याच्या पुढचं होतं. परदेशातून मूल आणायचं म्हणजे काय काय करावं लागतं, ते त्यांनी मला जेवताना सांगितलं. ज्या बाईनं तालुक्याचं गाव कधी ओलांडलेलं नाही, तिचा पासपोर्ट काढायचा. व्हिसा. सोबत येणारा माणूस. इथे भाषा येत नाही, जेवण उतरत नाही. या सगळ्याला महिने जातात, आणि हृदय थांबत नाही. मोठं छिद्र वेळेत बुजवलं नाही, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो आणि एका हद्दीपलीकडे ते छिद्र बुजवणंच धोक्याचं होतं. म्हणजे दोन वर्षांचं असताना जे मूल सहज बरं झालं असतं, तेच दहाव्या वर्षी आलं तर त्याला तपासून परत पाठवावं लागतं. "विमानाचं तिकीट कुणीतरी दिलेलं असतं," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही आईला सांगतो, घेऊन जा."

मूल बरं होऊन घरी गेलं तरी सगळं संपत नाही. कृत्रिम धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आयुष्यभर, आणि तिचं प्रमाण ठरवायला रक्ताची तपासणी वरचेवर. ती तपासणी त्याच्या गावापासून शंभर कोसांवर होत असली तर? आणि अनेक गरीब देशांत ही झडप बिघडते ती संधिवाताच्या तापानं, म्हणजे मुळात घशाच्या एका साध्या संसर्गानं. तो वेळेत ओळखला, पेनिसिलिनची स्वस्त इंजेक्शनं नियमित दिली, तर पुष्कळ मुलांवर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही. पण जो आजार झालाच नाही, त्याची फिल्म कशी काढणार?

दुसरी वाट होती, आणि तीही तितकीच जुनी. 1947 साली ब्लॅलॉक स्वतः लंडनला गेले आणि गाय्ज हॉस्पिटलात त्यांनी ही शस्त्रक्रिया करून दाखवली. त्यानंतर इंग्लंडच्या मुलांना अमेरिका गाठायची गरज उरली नाही. आपल्या देशातही तसंच झालं. 1949 साली रीव्ह बेट्स हे अमेरिकन सर्जन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, त्यांनी छातीच्या शस्त्रक्रियांचा विभाग उभा केला. त्याच वेल्लोरला 1961 साली ओपन हार्ट शस्त्रक्रिया झाली. एक माणूस शिकवायला आला आणि बारा वर्षांत घरचे हात तयार झाले. लाहोरची मुलगी बंगळुरूला येऊ शकली, तिची मुळं मला तिथवर दिसतात.

आणि युगांडा? ज्या देशातून 1975 साली एका मुलीला न्यूयॉर्कला न्यावं लागलं, त्याच देशाच्या राजधानीत, कंपालाच्या युगांडा हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये 2007 साली ओपन हार्ट शस्त्रक्रिया सुरू झाल्या. बत्तीस वर्षं लागली. बाहेरची पथकं जात राहिली, तिथले डॉक्टर-नर्स शिकत राहिले. यात सर्जन हा एकच माणूस झाला. भूलतज्ज्ञ हवा, हार्ट-लंग मशीन चालवणारा हवा, रात्री तीन वाजता आयसीयूत बाळाचं लघवीचं प्रमाण कमी झालंय हे ओळखणारी नर्स हवी. डॉक्टरबाईंच्या मते मुलं जगतात की जात, ते पुष्कळदा या नर्सवर ठरतं. तिच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी बॅटचा लिलाव झालेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

मॅगडी याकूब या नामवंत सर्जननी 1995 साली लंडनमध्ये 'चेन ऑफ होप' ही संस्था काढली. लंडनच्या श्रीमंतांच्या झगमगाटी मेजवान्यांतून तिला पैसा मिळतो. पण मुलं लंडनला आणता आणता भर हळूहळू त्यांच्या देशात सोय उभी करण्यावर गेला. याकूब यांच्या मायदेशी, इजिप्तमध्ये अस्वानला 2009 साली हृदयकेंद्र उभं राहिलं, तिथे उपचाराला पैसे घेत नाहीत. 2022 साली फिजीची राजधानी सुव्हा इथे लहान मुलांचं हृदय रुग्णालय सुरू झालं, ते नवा रायपूर, पलवल आणि आपलं खारघर इथल्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांच्या परिवारातलं. याच खारघर-रायपूरच्या मुलांसाठी 2019 साली सुनील गावसकर अमेरिकेत शहरोशहरी फिरून निधी जमवत होते. म्हणजे बघा, न्यू जर्सीतला मराठी माणूस ज्या 'परदेशातल्या मुलां'साठी जेवणाचं तिकीट काढतो, ती मुलं आपली असतात.

आपल्याकडे दरवर्षी दोन लाखांहून जास्त बाळं हृदयातला दोष घेऊन जन्मतात. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. मग बाहेरच्या मुलांसाठी आपण पैसे का द्यायचे, असं त्या संध्याकाळी एका टेबलावर कुणीतरी विचारलंच. मला उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, बेट्स यांच्या गावीही हे कुणीतरी विचारलं असेल.

त्या टेबलावरच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एक, 'एका मुलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च'. दुसरी, बारीक अक्षरात, 'त्या देशातल्या डॉक्टर आणि नर्स यांच्या प्रशिक्षणासाठी'. फॉर्म गोळा करणाऱ्या मुलाला मी जाताना विचारलं, दुसऱ्या चौकटीत किती खुणा आहेत? त्यानं गठ्ठा चाळला. "तीन, सर."

त्यातली एक त्या डॉक्टरबाईंची होती. माझी नव्हती. पडद्यावर ती मुलगी अजून उकिडवी बसलेली होती, आणि मी पेन उचललं तेव्हा मला दुसरं काही दिसलंच नाही.