गिरगाव सोडावे की नाही?

शहरातले बिऱ्हाड मोडून उपनगरात जावे की नाही, हा प्रश्न मुंबईकराला अलीकडेच पडू लागला अशी एक समजूत आहे. पण या प्रश्नाला सव्वाशे वर्षे होऊन गेली, आणि त्याची सुरुवात शांततेच्या ओढीने नव्हे, तर घराघरांत उंदीर मरून पडू लागले म्हणून झाली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला आणि तो प्लेग असल्याचे उघड सांगितले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. पुष्कळ लोक कोकणात गेले, देशावर गेले. ज्यांना कचेरी सोडवत नव्हती त्यांनी कुर्ला, वांद्रे, अंधेरीकडे झोपड्या उभारल्या किंवा मिळेल ती ओटी-पडवी भाड्याने घेतली. मागे राहिलेल्यांच्या भिंतींवर सरकारी माणसे ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरे रंगवून गेली. राहण्यास अयोग्य, असा त्यांचा अर्थ. पण प्लेगने शहराची वेस मानली नाही. वांद्र्याच्या गावठाणांतून त्या साथीत उभारलेले क्रूस अजून दिसतात.

मला या कहाणीतला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. साथ ओसरली, आणि गेलेले बहुतेक लोक परत आले! मोकळी हवा, झाडी, स्वस्त भाडे हे सगळे पाहूनही ते त्याच चाळींच्या त्याच काळोख्या जिन्यांनी वर चढले. त्यांना वेडे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांचा हिशेब आपण नीट मांडून पाहिला पाहिजे.

गिरगावच्या खोलीत काय होते? दहा-बारा फुटांची जागा, सामायिक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास, पहाटेच्या नळावर रांग. पण कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर. शाळा, वाचनालय, नाटकगृह, वैद्य, हरिकीर्तन, सारे दोन गल्ल्यांच्या आत. बाळंतपणाला हाक मारली तर चार दारे उघडत. १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती याच गिरगावात, केशवजी नाईकांच्या चाळीत बसला. जागा कमी होती हे खरे, तरी जागेच्या बदल्यात माणसे मिळत होती आणि हा सौदा त्या काळच्या कारकुनाला फार वाईट वाटला नसावा.

उपनगरात जायचे तर पहिला प्रश्न गाडीचा. विरारहून मुंबईला रोजची गाडी १८६७ च्या एप्रिलात सुरू झाली, पण ती जायला एक आणि यायला एक. एका गाडीवर नोकरी टिकवणे म्हणजे दैवावर संसार सोडण्यासारखेच. खरा फरक विजेने पडला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली. पार्ल्याहून सकाळी जेवून निघालेला माणूस वेळेवर मस्टरवर सही करू शकेल, ही खात्री प्रथमच मिळाली. उपनगरे झाडांनी वसवली असे कवींनी खुशाल म्हणावे. माझ्या मते ती वेळापत्रकाने वसवली.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि इथे इतिहासाने मोठी थट्टा केली आहे. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही तलाव साष्टीत, म्हणजे उपनगरांच्याच डोंगरांत. त्यांचे पाणी मात्र नळांतून थेट शहरात गेले. ज्यांच्या उशाशी तलाव, ते पुढे कित्येक वर्षे विहिरीवर रहाट ओढीत बसले. शहरातून आलेल्या गृहिणीला नळाची रांग चुकली, पण तिच्या हाती दोर आला. कचेरीत जाणाऱ्या गृहस्थाच्या पासाचा खर्च वहीत लिहिला जाई. तिच्या या कष्टांची नोंद कोणत्या वहीत झाली? दिवसभराचे सुने घर, दिवे लागल्यावर रातकिडे आणि सापांची भीती, माहेरचे माणूस आले तर येणार सणावारालाच. ‘शांत उपनगर’ या शब्दांतली शांतता तिने एकटीने ऐकली. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो, पण हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला आढळलेला नाही.

तेव्हा जे गेले आणि टिकले, ते कशाच्या बळावर? पार्ल्याचे उदाहरण बोलके आहे. लोकमान्य १९२० च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. दुसऱ्याच वर्षी पार्ल्यात त्यांच्या नावाची शाळा उघडली, पार्ले टिळक विद्यालय, आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. भोवती शेते आणि ताडांची बने होती, आणि या मंडळींनी आधी शाळा काढली, मग व्याख्यानांची सोय केली! १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी गाजली, ती काही आकाशातून पडली नव्हती. गिरगाव सोडताना या माणसांनी गिरगाव बरोबर नेले होते. शांतता हवी म्हणून आले आणि पहिल्या दहा वर्षांत त्यांनी ती स्वतःच मोडली, हे फार चांगले झाले.

शहर न सोडता घर सुधारण्याचा एक तिसरा मार्गही निघाला होता. १९१५ मध्ये तल्माकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभारली. पण भांडवल आणि ज्ञातीचा एकोपा दोन्ही लागत असल्याने तो मार्ग थोड्यांनाच साधला.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या पातळीवर गोठली. गिरगावची खोली आता इतकी स्वस्त झाली की ती सोडणे मूर्खपणाचे ठरले, आणि सोडलीच तर पागडी घेऊन. एका खोलीत तीन पिढ्या निजू लागल्या. मालकाला दुरुस्ती परवडेना, वासे कुजू लागले. प्लेगला न जुमानता परत आलेल्यांच्या नातवंडांना एका कायद्याने जागीच खिळवले. भाडेकरूंचे रक्षण त्या कायद्याने केले, यात शंका नाही. माझ्या आजोबांचेही केले.

चाळीचे अमर चित्र रेखाटणारे पु. ल. देशपांडे लहानपणी राहिले जोगेश्वरीला आणि मग पार्ल्याला. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची. चाळीचा वास इतका नेमका पकडायला थोडे लांब राहावे लागते की काय, कोण जाणे!

आणि जिथे ही बिऱ्हाडे गेली ती जमीन ओसाड नव्हती. तिथे आगरी, कोळी, कुणबी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची भातखाचरे होती. १९५० मध्ये बृहन्मुंबई झाली, १९५७ मध्ये तिची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, आणि बघता बघता गावे गावठाणे झाली. आपल्याला मिळालेली शांतता त्यांच्या शेतांवरची होती, हे आपल्या पांढरपेशा लिखाणात फारसे येत नाही.

आज पार्ल्याला शांत कोण म्हणेल? ते विशेषण आता बदलापूर, वांगणी, नेरळकडे सरकले आहे. आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीचे कागद फिरत आहेत, गिरगावच्या खालून २०२५ मध्ये मेट्रो धावू लागली, आणि घरात गेली तीन वर्षे बदलापूरचे बोलणे चालू आहे. मी खिडकीतून डोंगर दिसतो का ते पाहून आलो. मंडळी गेल्या रविवारी स्वतः जाऊन आल्या आणि तिथल्या तीन घरी दार ठोठावून विचारून आल्या: पाणी किती वाजता येते, रात्री दिवस भरलेल्या बाईला कुठे नेतात, आणि सकाळच्या सातच्या गाडीत बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळते का. पहिल्या दोन्हींची उत्तरे आणली आहेत. तिसऱ्यासाठी त्या सोमवारी पुन्हा जाणार आहेत, सातच्या गाडीने परत यायला.