कारखान्याचे फाटक आणि जातीचे अर्थशास्त्र : डॉ. सुखदेव थोरात यांचे संशोधन

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीपूर्वी कारखान्यांच्या फाटकांशी माणसे उभी असतात. काहींच्या खिशात ओळखपत्र असते. काहींना मुकादमाने बोलावले तरच आत जाता येते. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे भूखंड पाडले, बारवी धरणाचे पाणी आणले. खानदेश, मराठवाडा, कोकण येथून आलेली आमची कित्येक कुटुंबे या फाटकांच्या आधाराने स्थिरावली. गावकुसाबाहेरचा माणूस कारखान्यात शिरला म्हणजे त्याची जात गावातच राहते काय? या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय इतिहास आम्हास येथे पाहावयाचा आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी रोगाचे निदान निराळे केले. दोष तुकड्याच्या लहानपणात नाही. शेतीवर निष्क्रिय हातांचा भार पडला आहे, आणि उद्योगधंद्यांची वाढ हाच त्यावर उपाय, असे त्यांचे प्रतिपादन होते. आर्थर लुईस यांनी अतिरिक्त श्रमाचा सिद्धांत १९५४ साली मांडला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निबंधाचे मोल कळते.

परंतु उद्योग आला की जात आपोआप विरते, अशा भ्रमात बाबासाहेब नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ. आणि मजुरी मात्र त्याच खात्यात अधिक! १९२८ च्या संपाच्या काळात त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९३६ साली, जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी सांगितले. निदान झाले होते. मोजमाप राहिले होते.

ते मोजमाप ज्यांनी हाती घेतले त्यांत डॉ. सुखदेव थोरात यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. अमरावती जिल्ह्यात १९४९ साली जन्मलेले थोरात बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पदांची यादी आम्ही वाढवीत नाही. काम पदांहून मोठे आहे.

जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले ते शेनगेन फान व पीटर हेझेल यांच्यासह केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने. सरकारने ग्रामीण भागात केलेल्या कोणत्या खर्चाने दारिद्र्य किती हटते, हे त्यांनी राज्यवार आकडेवारीवरून तपासले. रस्त्यांवरील खर्च दारिद्र्य कमी करण्यात सर्वांत प्रभावी ठरला. शेतीसंशोधनाने उत्पादकता सर्वाधिक वाढविली. सिंचनाचा परिणाम तुलनेने बेताचा निघाला. येथे कूटदन्त सुत्त आठवते. त्यात राजा महाविजिताला पुरोहित सांगतो, की शिक्षेने चोऱ्या थांबणार नाहीत. शेतकऱ्यास बियाणे दे, व्यापाऱ्यास भांडवल दे, सेवकास वेतन दे. राज्याचा पैसा कोठे घालावा, हा प्रश्न धम्माला परका नाही.

दुसरा अभ्यास आम्हास अधिक जवळचा. पॉल अटवेल यांच्यासह थोरातांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. पात्रता सारखी, नावे मात्र सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम. मुलाखतीस बोलावणे येण्याची संभाव्यता सवर्ण नावासाठी १ धरली, तर दलित नावासाठी ती ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ भरली. मुलाखत व्हायची होती, चेहराही कोणी पाहिला नव्हता. केवळ आडनाव वाचले गेले होते. ‘आमच्याकडे फक्त गुणवत्ता पाहतात’ या नित्याच्या उत्तराला प्रथमच आकड्यांनी उत्तर मिळाले.

कॅथरिन न्यूमन यांच्यासह संपादित केलेल्या २०१० च्या ग्रंथात हे संशोधन एकत्र आले. त्यात सुरिंदर जोधका व न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. जात विचारीत नाही, असे म्हणणारे हे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतात. आमच्याकडे हाच प्रश्न ‘गाव कोणते, आडनाव काय’ या रूपात भेटतो. थोरातांच्या पुढाकाराने २००३ साली दिल्लीत भारतीय दलित अध्ययन संस्था स्थापन झाली, तिच्यामुळे हे काम एका व्यक्तीपुरते राहिले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

तथापि एक मर्यादा सांगणे प्राप्त आहे. २००७ चा अभ्यास पदवीधरांच्या, जाहिरात निघणाऱ्या नोकऱ्यांचा होता. अंबरनाथच्या फाटकाशी उभा असलेला कंत्राटी कामगार त्यात येत नाही. त्याचा अर्ज नसतो, जाहिरात नसते, नकाराचे पत्रही नसते. असते ती मुकादमाची ओळख आणि कोणाच्या तरी शब्दाची हमी. जेथे कागदच नाही तेथे भेदभाव मोजावयाचा कसा, हा खरा कठीण प्रश्न आहे. कोणास कायम केले, कोणास वर्षानुवर्षे हंगामी ठेवले, रसायनांच्या टाक्या धुण्याचे काम कोणाच्या वाट्यास आले, याची नोंद निवृत्त कामगारांच्या जुन्या पगारचिठ्ठ्यांत आणि त्यांच्या स्मरणात आहे. अर्थशास्त्र शिकणाऱ्या आमच्या तरुणांनी विहारात येणाऱ्या या वृद्धांपाशी वही घेऊन बसावे. पगारचिठ्ठ्यांचे कागद पिवळे पडू लागले आहेत.