केगल यांचं मीटर आणि मुलीच्या हातातला फोन



शनिवारी सकाळी मुलीला जिम्नॅस्टिक्सला किंवा बास्केटबॉलला सोडायला तुमच्यापैकी कितीतरी जण जात असाल. बूट घेतले का, पाणी घेतलं का, गुडघा दुखत नाही ना, हे आपण विचारतो. उडी मारताना नकळत थोडी लघवी होते का, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग तिच्या आधारावर असतो. उडी मारून पाय जमिनीला लागले की पोटातला दाब एकदम वाढतो. त्या क्षणी झोळी घट्ट राहिली नाही, तर चार थेंब निसटतात.

लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. त्यांच्यासमोर होत्या बाळंतपणानंतर त्रास होणाऱ्या बायका. अडचण अशी, की हे स्नायू दिसत नाहीत. आवळायला सांगितलं तर अनेकजणी पोट किंवा नितंबच आवळतात. म्हणून केगल यांनी योनीत ठेवायची रबरी पिशवी नळीनं दाबमापकाला जोडली. बरोबर आवळलं की काटा हलायचा. आपली मेहनत बाईला डोळ्यांनी दिसू लागली.

पण हा त्रास बाळंतिणींचाच, ही समजूत पुढेही टिकली. १९९४ साली डॉ. इंग्रिड नायगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या १४४ खेळाडू मुलींना विचारलं. सरासरी वय जेमतेम २०, मूल एकीलाही झालेलं नाही. तरी २८ टक्के मुलींनी खेळताना लघवी होते असं सांगितलं. जिम्नॅस्टिक्समध्ये हे प्रमाण ६७ टक्के होतं, गोल्फमध्ये शून्य. स्वीडनमधल्या ३५ अव्वल ट्रॅम्पोलीनपटूंपैकी २८ जणींना हा त्रास असल्याचं २००२ साली नोंदलं गेलं. त्यांतल्या काही तर १२-१३ वर्षांच्या होत्या.

मग आला फोन. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठानं 'टेट' नावाचं ॲप बनवलं. त्यात आकृत्या, पायरीपायरीनं वाढणारा व्यायाम आणि रोजची आठवण आहे. १२३ स्त्रियांवरच्या चाचणीत, ज्यांना ॲप मिळालं त्यांचा त्रास तीन महिन्यांत कमी झाला. त्या खेळाडू म्हणून निवडलेल्या नव्हत्या, हे लक्षात ठेवायला हवं. दुसऱ्या प्रकारच्या ॲपला शरीरात ठेवायचा सेन्सर जोडलेला असतो. म्हणजे केगल यांचंच मीटर, फक्त काट्याच्या जागी फोनचा पडदा.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, म्हणून एक सांगतो. आठवण करून देणारं ॲप तुम्ही बटण दाबलं एवढंच जाणतं. योग्य स्नायू आवळला की श्वास रोखून पोट, हे त्याला कळत नाही. काहींचे स्नायू सैल नसतात, उलट सतत ताठ असतात. त्यांनी आणखी आवळून भागत नाही, आधी सैल सोडायला शिकावं लागतं. म्हणून सुरुवात या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे करा. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली किमान तीन महिने व्यायाम सांगितला आहे. ॲप त्या शिक्षकाचा मदतनीस म्हणून चांगलं.

हा प्रश्न विचारणं आईचं काम, असं मीही धरून चाललो होतो. पण मुलीला मैदानावर सोडणारा मीच होतो. व्यायाम माहीत होऊन पाऊण शतक झालं, आता ॲपही हातात आहे. तरी मुलगी लाजून काळी लेगिंग घालत असेल, पाणी कमी पीत असेल किंवा हळूच खेळच सोडत असेल, तर त्याचा उपयोग काय?

पुढच्या शनिवारी गाडीत सहज विषय काढा. 'असं बऱ्याच खेळाडूंना होतं, आणि त्यावर उपाय आहे,' एवढं वाक्य पुरे. बाकीचं ती विचारेल.