दोन पारडी

परवा आत्याबरोबर मंडईत गेलो होतो. मेथीची एक जुडी आणि अर्धा किलो वांगी, एवढ्यातच ती दमून कट्ट्यावर बसली. २०२१ मध्ये तिला करोना झाला. तो गेला, थकवा मात्र गेला नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल! बसल्या बसल्या म्हणाली, "अरे, परदेशात म्हणे रक्त गाळून देतात, मग थकवा जातो. माझ्या पाटल्या आहेत अजून. जायचं का?"

पाटल्यांचं नाव निघाल्यावर मला हसण्यावारी नेता येईना. घरी येऊन वाचत बसलो.

असं काहीतरी आपण आधीही पाहिलंय. २०२० मध्ये करोनातून बरे झालेले लोक हाताला सुई लावून यंत्राशेजारी बसायचे. यंत्र रक्तातला प्लाझ्मा वेगळा काढायचं, बाकीचं रक्त परत द्यायचं. तो प्लाझ्मा आजारी माणसाला. पटण्यासारखंच होतं. पण आयसीएमआरने त्याच वर्षी एप्रिल ते जुलैमध्ये ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ते तपासलं. त्यातली प्रतिपिंडं मोजली आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांचा आजार बळावला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांत १८ टक्के. म्हणजे फरक नाहीच! तरी दुसऱ्या लाटेत 'प्लाझ्मा हवा'चे निरोप फिरत होते. मीही पुढे पाठवले. मे २०२१ मध्ये तो उपचार सरकारी मार्गदर्शक सूचनांतून काढला.

रक्त गाळण्याचंही तेच. पुरेशा चाचण्या नसताना लोकांनी जर्मनीत, सायप्रसमध्ये त्यावर साठवलेले पैसे घातले. मग स्पेनमध्ये ५० रुग्णांवर त्याच्या जवळची एक पद्धत तपासली. प्लाझ्मा काढायचा, त्याजागी अल्ब्युमिन घालायचं, असं सहा वेळा. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना यंत्राचं नुसतं सोंग, आणि कोणाला काय ते रुग्णाला ठाऊक नाही. २०२५ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांत फरक नाही.

पुन्हा मंडईत गेलो तेव्हा आत्याला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "एका पारड्यात भाजी आणि दुसरं रिकामं, तर वजन कसं कळणार?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझा थकवा खोटा का रे?"

"नाही गं. थकवा खराच आहे. औषध सापडलेलं नाही अजून."

असो. पाटल्या कपाटातच आहेत. हल्ली पिशवी मी उचलतो, ती कट्ट्यावर बसून घासाघीस करते.